धंदा काय लिहू, साहेब?

छापील अर्जात माणसाचं सगळं आयुष्य सहा-सात रकान्यांत बसवलेलं असतं. नाव, वय, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न; खाली सही, नाहीतर अंगठा. बँकेतल्या नोकरीत मी असे किती हजार अर्ज तपासले असतील, त्याची मोजदाद नाही. बहुतेक विसरलो. एक मात्र विसरता आलेला नाही. त्या अर्जातला व्यवसायाचा रकाना अर्जदारानं कोरा ठेवला होता आणि तो मी माझ्या हातानं भरला होता.

१९८६ सालची गोष्ट. बालाघाटच्या डोंगराखालच्या एका बाजाराच्या गावी माझी शाखाधिकारी म्हणून बदली झाली. वय अठ्ठावीस, लग्नाला वर्षही झालेलं नाही आणि अंगात साहेबकीचं नवं वारं. शाखा म्हणजे एका अडत्याच्या दुकानाचा पुढचा भाग. मला धरून पाच माणसं, एक तिजोरी आणि पावसाळ्यात गळणारं पत्र्याचं छप्पर. गुरुवारी गावचा बाजार. त्या दिवशी बँकेत पाय ठेवायला जागा नसायची.

अशाच एका गुरुवारी ऐन गर्दीत दारात बूट वाजले. खाकी कपडे, कमरेला रुंद पट्टा, झुबकेदार मिशा, हातात छडी आणि काखेत लाल कापडात बांधलेली वही. फौजदारसाहेब! रांग आपोआप फुटली. कॅशियर पिंजऱ्यात उभा राहिला. आमच्या शिपायानं तर कडक सलाम ठोकला. साहेबांनी सगळीकडं एक नजर फिरवली आणि माझ्या टेबलावर छडी आपटली.

"मॅनेजर कोण आहे इथं?"

मी उठून खुर्ची पुढं केली. "यावं साहेब. आपण चहा घेणार ना?"

"चहा नंतर. आधी पंचनामा. काल रात्री बारा वाजता तुमच्या बँकेमागं कोंबडा आरवला. पहाटेचं काम रात्री करायला त्याला ओव्हरटाइम कुणी मंजूर केला? त्याला जामीन कोण राहणार? आणि उद्या तुमच्या तिजोरीत अंडी सापडली, तर जबाब कोण देणार?"

मी खरोखरच चाचरत काहीतरी सांगू लागलो. तेवढ्यात रांगेतल्या एका म्हातारीला हसू आवरेना. मग सगळी बँकच हसू लागली. फौजदारानं टोपी काढून काखेत धरली, वाकून नमस्कार केला. "बहुरूपी हाय, सायेब. सोंग आवडलं असंल तर गरिबाला काय तरी द्या."

मी दोन रुपये दिले आणि विचारलं, "कुठला रे तू?"

घरी गेल्यावर ही हकिगत बायकोला रंगवून सांगितली, तेव्हा तिनं एक गोष्ट दाखवून दिली. क्षणापूर्वी "आपण चहा घेणार ना" असं विचारणारा मी, लगेच "कुठला रे तू" वर आलो होतो. माणूस तोच, अंगावरचे कपडेही तेच. वयानं तर तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा होता.

पुढच्या गुरुवारी पायजमा आणि मळकट सदरा घातलेला एक किडकिडीत माणूस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. मी ओळखलं नाही. "मॅनेजर कोण आहे इथं?" असं तो त्या दिवशीच्या आवाजात हळूच म्हणाला, तेव्हा ओळखलं. मिशा खोट्या होत्या. रुंद छाती सदऱ्याखाली बांधलेल्या गोधडीच्या तुकड्याची होती. पण तो आवाज त्यानं कुठून आणला होता, हे मला आजही सांगता येत नाही.

त्याला कर्ज हवं होतं.

ते दिवस एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे होते. १९८० पासून देशातल्या सगळ्या गटांत हा कार्यक्रम लागू झाला होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन असं काहीतरी उत्पन्नाचं साधन घेऊन द्यायचं. काही भाग सरकारी अनुदान, उरलेलं बँकेचं कर्ज. १९७२ पासूनची चार टक्के व्याजाची योजनाही होतीच. गटविकास अधिकाऱ्यांच्या कचेरीतून याद्या यायच्या आणि मार्चअखेर उद्दिष्ट पुरं करायची आमची धावपळ उडायची. अशाच एका यादीत ग्रामसेवकानं या बहुरूप्याचं नाव घातलं होतं. त्याला हवे होते दीड हजार रुपये.

"कशासाठी?"

"दोन नवं पोशाख, एक पेटी आन् एक सायकल. पोरगा हाताशी आलाय. दोघं दोन गावं करू."

"आणि हा व्यवसायाचा रकाना कोरा का?"

"त्येच इचाराया आलो. धंदा काय लिहू, सायेब? ग्रामसेवक म्हनला, त्यो रकाना सायेबच भरतील."

माझ्यापुढं योजनेत बसणाऱ्या व्यवसायांची यादी होती. शेळीपालन होतं, कुक्कुटपालन होतं, सायकल दुरुस्ती होती, किराणा दुकान होतं. सोंग घेणं कुठंच नव्हतं. आमच्या फील्ड ऑफिसरनं तोडगा काढला, "शेळ्या लिहून टाकू. चार शेळ्या, एक बोकड. पैसे हातात आल्यावर तुझं तू बघ." अशी प्रकरणं तेव्हा सर्रास व्हायची; कागदावर म्हैस आणि घरात मुलीचं लग्न. पण हा गडी ऐकेना. "शेळ्या कशा लिवू? आठ म्हैने आमी फिरतीवर. उद्या तपासनीला येऊन शेळ्या दाव म्हनलात, तर काय शेळीचं सोंग आनू?"

फील्ड ऑफिसर हसला. मी हसलो नाही. मला वाटलं, हा बँकेची थट्टा करतोय. ज्याचं पोट खोटी मिशी लावण्यावर चालत होतं, तो माणूस कागदावर खोटं लिहायला नकार देत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्यानं मला आपल्या धंद्याचे नियम समजावून सांगायचा प्रयत्न केला. नव्या गावात शिरताना पहिल्यांदा पोलीस पाटलाला वर्दी द्यायची. सोंग दिवसाउजेडी, दिवेलागणीनंतर नाही. ज्या घरी मयत झालं असेल, त्या दारी जायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे टोपी काढल्याशिवाय हात पुढं करायचा नाही. "आधी वळख, मग पैका. चोर बी सोंग आनतो, सायेब. पन त्यो पैका आधी घेतो."

आज मी हे वाक्य एखाद्या वकिलाला ऐकवलं, तर तो मान डोलावेल. तेव्हा मी त्याला विचारलं, तारण काय? जामीनदार कोण? कायमचा पत्ता कोणता? हप्ता वसूल करायला माणूस पाठवायचा तर कोणत्या गावी? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. कागद अपुरे आहेत असं सांगून मी त्याला तीन गुरुवार फिरवलं. चौथ्या गुरुवारी पेन उघडून कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'भिक्षेकरी'. खाली शेरा मारला, 'व्यवसाय अनुत्पादक. अर्ज नामंजूर.' सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत त्याच्या हाती दिली. नियमांच्या दृष्टीनं पाहाल, तर त्यात माझं काही चुकलं नव्हतं.

त्याला वाचता येत नव्हतं. पण कागदावर गोल जांभळा शिक्का होता. ज्याच्यापाशी सात-बारा नाही, घरपट्टीची पावती नाही, त्याला शिक्क्याचा कागद म्हणजे केवढी दौलत! त्यानं तो नीट घडी करून पिशवीत ठेवला.

तीन-एक महिने गेले. एका दुपारी शेजारच्या तालुक्यातला एक हवालदार तोच घडीचा कागद घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. तिथं नव्यानंच बदलून आलेल्या एका अधिकाऱ्यानं बहुरूप्याला भर बाजारात धरलं होतं. तो फौजदाराच्या सोंगात होता. सोंग इतकं उत्तम वठलं होतं, की दोन खऱ्या शिपायांनी त्याला सलाम केला होता. तोच त्याचा गुन्हा ठरला. "माझी वळख बँकेत हाय" असं म्हणून त्यानं पुरावा म्हणून हा कागद काढून दिला होता.

"ही सही आपलीच ना?"

"माझीच."

"मग हा भिकारी आहे की तोतया?"

मी सांगितलं, की तो बहुरूपी आहे, निरुपद्रवी माणूस आहे, आमच्या बँकेतही सोंग घेऊन आला होता. हवालदार भला होता. म्हणाला, "तेवढं लेखी द्या. साहेब सोडून देतील."

मी विचार केला. बँकेत खातं नसलेल्या माणसाबद्दल बँकेच्या कागदावर लेखी कसं द्यायचं? उद्या वरिष्ठांनी विचारलं तर? मी चहा मागवला. लेखी दिलं नाही.

चार दिवसांनी त्याला समज देऊन सोडल्याचं ग्रामसेवकाकडून कळलं. पोशाख मात्र जमा झाला, तो परत मिळाला नाही. तो त्याच्या बापाच्या वेळचा होता. त्यानंतर बहुरूपी आमच्या शाखेची पायरी चढला नाही.

निवृत्तीनंतर सवड झाली, तेव्हा मी कायद्याची पुस्तकं उघडून बसलो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम १७० आणि १७१ होती. सरकारी नोकर असल्याची बतावणी करणं हा गुन्हा. तसंच सरकारी नोकराचा पोशाख, लोकांनी खरं मानावं या हेतूनं, घालणं हाही गुन्हा. १७१ ला शिक्षा तीन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत हीच कलमं २०४ आणि २०५ म्हणून आली आहेत. कायदा चुकीचा आहे असं कोण म्हणेल? तोतया पोलिसांनी म्हाताऱ्या बायकांच्या बांगड्या उतरवून नेल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. पण कायद्यातही हेतू हा शब्द आहे, आणि बहुरूप्याचा हेतू शेवटी टोपी काढण्याचा असतो. अडचण एवढीच, की टोपी निघेपर्यंत थांबायला कचेरीला सवड नसते.

नटाची गोष्ट वेगळी. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहात इन्स्पेक्टरची भूमिका वठवणाऱ्याला टाळ्या मिळतात, कारण तिथं पडदा असतो, तिकीट असतं, तिसरी घंटा असते. बहुरूप्याचा रंगमंच म्हणजे आपली ओसरी आणि बाजाराचा रस्ता. सोंग कच्चं असेल तर तो उपाशी राहतो, आणि पक्कं असेल तर आत जातो.

दुसरा कायदा १९५९ चा, मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम. भीक मागण्याच्या त्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं आणि खेळ करणं या साऱ्यांचा उल्लेख आहे. हे सगळं भीक मागण्याचं निमित्त असू शकतं, असं तो कायदा धरून चालतो. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद त्यात आहे. दिल्लीलाही हाच कायदा लागू होता. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यातली अनेक कलमं घटनाबाह्य ठरवली, पण तो निकाल दिल्लीपुरता. म्हणजे मी रकान्यात जो शब्द लिहिला होता, तो नुसता अपमान नव्हता. तो पकडून नेण्याचं कारण होऊ शकत होता. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पण कचेरीत बसणाऱ्यानं आपल्याला ठाऊक नसलेलं लिहूच नये, एवढं तरी ठाऊक असायला हवं होतं.

फिरत्या माणसाबद्दलचा कचेरीचा हा संशय जुना आहे. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरीला बांधलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण वहीतून पुसलेलं मनातून पुसायला वेळ लागतो. गंमत अशी, की महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत 'बहुरूपी' हे नाव छापलेलं आहे. त्याच्या जातीच्या दाखल्यावर सरकार 'बहुरूपी' लिहून देतं. मी मात्र व्यवसायापुढं हा शब्द लिहू शकलो नाही!

हा आपल्याकडच्याच कचेऱ्यांचा दोष आहे, असं मात्र कुणी समजू नये. १९२६ साली न्यूयॉर्कच्या बंदरात कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या पॅरिसमध्ये राहणाऱ्या रुमानियन शिल्पकाराचं एक ब्राँझचं शिल्प उतरलं. नाव 'अवकाशातला पक्षी'. उंच, निमुळतं, चकचकीत. शिल्पांवर जकात नव्हती. पण जकात अधिकाऱ्यांना त्यात ना पंख दिसले, ना चोच. त्यांनी ते 'स्वयंपाकघरातली भांडी आणि इस्पितळातलं साहित्य' या सदरात घालून चाळीस टक्के जकात लावली. प्रकरण कोर्टात गेलं. शिल्पकार आणि जाणकारांच्या साक्षी झाल्या, आणि १९२८ च्या नोव्हेंबरात न्यायालयानं सांगितलं, की ही कलाकृतीच आहे. तो जकात अधिकारी मला परका वाटत नाही. त्याच्यापुढंही यादी होती, आणि त्यानं समोरची वस्तू यादीत बसवली. फरक इतकाच, की ब्रांकुशीच्या बाजूनं बोलायला मोठमोठी माणसं कोर्टात उभी राहिली. बहुरूप्याच्या बाजूनं एक लेखी कागद हवा होता, आणि तो देणारा माणूस चहा मागवून मोकळा झाला.

पुढं माझ्यावरही पाळी आली. १९९१ साली माझी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत एक लाचखाऊ शाखाधिकारी आहे. महिन्याभरात वरच्या कचेरीतून पत्र आलं, 'आपल्या पुस्तकात वर्णिलेला गैरव्यवहार कोणत्या शाखेत घडला, याचा खुलासा करावा.' मी कळवलं, 'सदर शाखा अस्तित्वात नाही.' उलटटपाली विचारणा झाली, 'अस्तित्वात नसलेल्या शाखेतील गैरव्यवहार आपल्या निदर्शनास कसा आला?' हा पत्रव्यवहार मी पुढं अनेक मैफलींत वाचून दाखवला आणि टाळ्या मिळवल्या. पण त्या रात्री मला झोप लागली नव्हती. मी सोंग घेतलं होतं आणि समोरचा ते खरं धरून पंचनामा करत होता. 'टोपी काढून दाखवतो, साहेब' असं म्हणण्याची सोय मला होती. मी पगारदार होतो, युनियनचा सभासद होतो. खुलासा मान्य झाला.

आता दिवस पालटले आहेत, असं म्हणायला जागा आहे. २००८ साली बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगानं भटक्या-विमुक्तांवर राष्ट्रीय अहवाल दिला आणि त्यांच्यापाशी ओळखीचे कागदच नसतात, हे दुखणं सरकारपुढं मांडलं. २०२४ साली राजस्थानातल्या भिलवाड्याच्या जानकीलाल या बहुरूपी कलावंताला पद्मश्री मिळाली, तीही कला या विभागात. आमच्या राज्यात ज्येष्ठ कलावंतांना मानधन मिळतं. फक्त त्यासाठी कलेतल्या कामगिरीचे पुरावे जोडावे लागतात. दारोदार सोंग दाखवणाऱ्यानं कुठली कात्रणं जपून ठेवायची?

आणि त्याच काळात, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं भिक्षेला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्यांतली बहुतेक माणसं सोलापूर जिल्ह्यातून आलेली होती. ती बातमी वाचताना मला माझा तो रकाना आठवला. अनोळखी माणसाला आपल्या यादीतल्या एखाद्या नावाखाली घालून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, ही खोड एकट्या कचेरीची नाही.

दोन वर्षांपूर्वी एका साहित्य मेळाव्याच्या निमित्तानं मी बालाघाटाकडं गेलो होतो. परतताना मुद्दाम त्या बाजाराच्या गावी उतरलो. चौकशी करता कळलं, बहुरूपी कधीच वारला. मुलगा एसटी स्टँडजवळ चहाची टपरी चालवतो. गेलो. पन्नाशी उलटलेला माणूस. मी कोण ते सांगितलं. त्यानं स्टोव्ह बारीक केला आणि माझ्याकडं नीट बघून घेतलं.

"सोंगं बंद केली का?" मी विचारलं.

"राईनपाड्यानंतर बायको म्हनली, आता नगं. पेटी हाय माळ्यावर."

मग मी त्या अर्जाचं बोललो. लेखी दिलं नाही, तेही सांगितलं. इतक्या वर्षांनी ते सांगणं बरं की वाईट, मला ठरवता आलं नाही. तो म्हणाला, "बानं पुन्यांदा फौजदार केला न्हाई. पन त्या कागदावर त्यानं एक नवं सोंग बसिवलं. लई चाललं. दहा-पंधरा वर्सं बाजारात तेच मागायची लोकं."

"कुठलं?"

त्यानं हात पुसले. खांद्यावरचा पंचा कोटासारखा अंगाभोवती घेतला, नसलेला चष्मा नाकावर चढवला आणि पावत्यांच्या ढिगातला एक कागद उचलून उलटा धरला. मान किंचित वाकडी झाली. ओठ मुडपले गेले. आणि अठ्ठावीस वर्षांच्या एका साहेबाचा आवाज त्या टपरीत उमटला, "कागद अपुरे आहेत. तारण काय? जामीनदार कोण? असं करा, पुढच्या गुरुवारी या."

बाकावरची माणसं पोट धरून हसली. एक म्हातारा म्हणाला, "आरं, तुझ्या बानं तर मॅनेजरला चालता-बोलता केला व्हता."

मीही हसलो. आवाज हुबेहूब होता. मान वाकडी करायची माझी खोड माझ्या बायकोलाही उशिरा कळली होती. त्यानं पंचा काढून पुन्हा खांद्यावर टाकला, कागद जागच्या जागी ठेवला आणि मग हात पुढं केला.

"दोन च्याचं वीस झालं, सायेब."